बंद करायला नळ कुठाय?

मार्चचा तिसरा आठवडा उजाडला की महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांमध्ये पृथ्वी रडायला लागते. ड्रॉइंगच्या कागदावर ती गोल असते, तिला दोन डोळे असतात, त्यातल्या एका डोळ्यातून निळा थेंब ओघळत असतो आणि डोक्यावर एक नळ बसवलेला असतो. नळ पृथ्वीला लावलाय की पृथ्वीच नळातून गळतेय, याचा खुलासा खुद्द चित्रकारालाही करता येत नाही. त्याने हे चित्र गेल्या वर्षी नंबर आलेल्या चित्रावरून काढलेलं असतं आणि गेल्या वर्षीच्याने त्याच्या आधीच्या वर्षीच्या. चित्र रंगवताना ब्रश बुडवायचं पाणी तीनदा बदललं जातं. पाणीबचतीवरचं चित्र गढूळ दिसून चालत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २२ मार्च हा जागतिक जलदिन ठरवला १९९२ साली आणि पहिल्यांदा तो साजरा झाला १९९३ मध्ये. महाराष्ट्राला एक दिवस पुरेना, म्हणून १६ ते २२ मार्च असा जलजागृती सप्ताह असतो. त्यात प्रभातफेरी असते, जलप्रतिज्ञा असते, घोषवाक्य स्पर्धा असते. पाहुणे येणार म्हणून मैदानावर धूळ उडू नये यासाठी सकाळीच सडा मारला जातो. तो बादलीने मारायचा की टँकर मागवून, हे पाहुण्यांच्या पदावर अवलंबून. मग कलशाचं पूजन. मग व्यासपीठावर प्रत्येकापुढे पाण्याची एक छोटी बाटली. प्रमुख पाहुणे त्यातले दोन घोट घेतात आणि थेंबाथेंबाचं महत्त्व सांगतात. कार्यक्रम संपल्यावर पाऊण भरलेल्या बाटल्या गोळा करायचं काम सातवीच्या पोरांकडे येतं. ती पोरं त्या तिथेच एकमेकांच्या डोक्यावर रिकाम्या करतात. पूर्ण सप्ताहातला मुलांना मनापासून आवडलेला उपक्रम हाच.

पाणी वाचवण्याचा शालेय धडा प्रामुख्याने दात घासण्याशी निगडित आहे. नळ चालू ठेवून दात घासू नयेत, ही त्यातली पहिली आज्ञा. दुसरी आज्ञा शॉवरखाली अंघोळ न करण्याची आणि तिसरी गाडी पाइपने न धुण्याची. तिन्ही आज्ञा उत्तम आहेत. फक्त त्या ज्या वर्गात म्हटल्या जातात, तिथल्या बऱ्याच मुलांच्या घरी शॉवर नाही, गाडी नाही, आणि नळ असला तरी त्याला पाणी येण्याचा वार ठरलेला असतो. मनमाडसारख्या गावात कडक उन्हाळ्यात नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी आलेलं आहे. तिथल्या मुलाला ‘नळ चालू ठेवू नकोस’ म्हणणं म्हणजे त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीची शपथ घ्यायला लावणं. नळ ज्या दिवशी चालू होतो, त्या दिवशी तो बंद होईपर्यंत सगळं घर त्याच्यापुढे हंडे, कळश्या, बादल्या, पातेली आणि प्रसंगी डाळीचे डबे घेऊन उभं असतं. त्यात कुणाला दात घासायची फुरसत नसते.

एकाच राज्याचं पुस्तक एकाच राज्यात किती वेगवेगळ्या ढगांखाली वाचलं जातं, याचा नमुना सातारा जिल्ह्यात मिळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आत-बाहेर घुटमळतो. परिसर अभ्यासाचं पुस्तक दोन्हीकडे तेच. महाबळेश्वरच्या मुलाला जुलैत ‘पाणी दुर्मिळ आहे’ हे वाक्य छत्री सांभाळत लिहावं लागतं आणि माणच्या मुलाला जलचक्राच्या आकृतीतला ढग कल्पनेने काढावा लागतो. आकृतीत मात्र दोघांचाही ढग सारखाच येतो, कारण तो फळ्यावरून उतरवलेला असतो.

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका तर पाठ्यपुस्तकाची परीक्षाच घेतो. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात. पाऊसही दणदणीत. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण शिकवायला तिथल्या मास्तरांना वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. खिडकी उघडली की झालं.

शाळेच्या वार्षिक नियोजनात पाण्याबद्दल आणखी एक गंमत दडलेली आहे. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो, २००८ पासून. त्या दिवशी मुलांना वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट हात धुवायला शिकवतात. पाच महिन्यांनी त्याच मुलांना वाहतं पाणी हा गुन्हा असल्याचं कळतं. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये ‘वॉटर बेल’ सुरू केली. मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत, म्हणून घंटा वाजवून त्यांना पाणी प्यायला लावायचं. कल्पना इतकी चांगली की इतर राज्यांनीही ती उचलली. म्हणजे एका घंटेला पाणी प्यायचं, एका दिवशी पाण्याने धुवायचं आणि एका सप्ताहात पाण्याला हात लावायचा नाही. मोठ्या माणसांनाही हे वेळापत्रक पेलवणार नाही. मुलं ते पेलतात, कारण तिन्ही वेळा वर्गाबाहेर जायला मिळतं.

या भांडणावर तोडगा काढणारं एक यंत्र आहे आणि ते शाळेतल्या कुठल्याही संगणकापेक्षा जास्त चालतं. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, दोन काठ्या, दोरी आणि पायाने दाबायची एक फळी. पाय दाबला की कॅन वाकतो, भोकातून बारीक धार येते, पाय काढला की थांबते. हा ‘टिप्पी टॅप’ १९८० च्या दशकात झिंबाब्वेत जन्माला आला आणि फिरत फिरत आपल्याकडच्या शाळांपर्यंत पोहोचला. हाताने नळाला शिवायचं नाही, त्यामुळे स्वच्छताही झाली आणि धारही बोटाएवढी. त्याचा दोष एकच. मुलांना तो इतका आवडतो की हात स्वच्छ असलेलीही रांगेत उभी राहतात.

आता मुळात सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘एवढं पाणी’ म्हणजे किती, हे कळतं का? स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी याचा छडा लावला होता. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी. मुलाच्या डोळ्यांदेखत त्यातला एक पेला उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचा आणि विचारायचं, आता जास्त कशात? साधारण सातव्या वर्षापर्यंतची बहुतेक मुलं उंच पेल्याकडे बोट दाखवतात. पातळी वर गेली, म्हणजे पाणी वाढलं. पुढे वय वाढतं तसं हे कोडं सुटतं, असं पियाजे म्हणतात. पियाजेंचा आपल्या सार्वजनिक जीवनाशी परिचय नव्हता. धरणाची भिंत दोन मीटर उंच केली की पाऊसही तेवढाच वाढतो, असं मानणारी मंडळी सातव्या वर्षाच्या बरीच पुढे गेलेली असतात.

पहिली-दुसरीच्या बाईंना पियाजे माहीत असो वा नसो, मोजल्याशिवाय पाणी कळत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून त्या मुलांना घरून तांब्या, फुलपात्र, लिटरची बाटली आणायला सांगतात. एका बादलीत किती तांबे? एका घागरीत किती फुलपात्री? त्या दिवशी वर्गाची जमीन ओली होते, दोघींच्या वह्या भिजतात, एकजण घसरतो आणि मुख्याध्यापक दारात उभे राहून विचारतात, ‘काय चाललंय?’ पाणीबचतीचा पाठ चालला आहे, असं सांगायची बाईंना सोय नसते. पण वर्षभरात पाण्याबद्दल काही शिकवलं गेलं असेल तर ते त्याच तासाला.

शहरात हा धडा वेगळ्याच वळणाने जातो. तिथे शाळेतून पोर घरी येतं ते थेट पोलीस होऊन. वडील दाढी करताना नळ चालू ठेवतात, पोर ओरडतं. आई भाजी धुते, पोर येऊन नळ फिरवून जातं. आरओच्या नळीखाली बादली ठेवण्याचा आग्रह होतो आणि तो रास्तच असतो, कारण घरगुती आरओ एक लिटर गोड पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडून देतो. या छाप्यात कधीही न सापडणारी घरातली एकमेव व्यक्ती म्हणजे आजी. तिची अंघोळ अर्ध्या बादलीत होते. तांदळाचं धुवण तुळशीला जातं, भांडी विसळलेलं पाणी कुंड्यांना. गावाकडे होती तेव्हा मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळीचा खुंट असायचा आणि पाहुण्याला आधी अर्धा पेला पाणी द्यायची, लागलं तर आणखी. तिने जलप्रतिज्ञा घेतलेली नाही, पोस्टर काढलेलं नाही. नातवाच्या प्रकल्पाच्या वहीत मात्र तिचं नाव कुठेच नसतं. तिथे इंटरनेटवरून छापून आणलेला आफ्रिकेतला एक फोटो चिकटवलेला असतो.

घोषणांची एक सोय अशी की त्यांना उलट प्रश्न विचारता येत नाही. आकड्यांना विचारता येतो. जलजीवन मिशनमध्ये, २०१९ पासून, ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलं आहे. गटारांची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी सरकारी नियोजनाचं प्रमाण माणशी १३५ लिटर. हे दोन आकडे पाचवीच्या वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर शेवटच्या बाकावरून प्रश्न येणारच: शहरातली माणसं जास्त मळतात का? गुरुजींना मग फ्लश, भुयारी गटार आणि त्यातून सगळं वाहून जायला लागणारं पाणी हे सगळं समजावून सांगावं लागतं. पोरगं शांतपणे ऐकतं आणि म्हणतं, म्हणजे ऐंशी लिटर संडासात जातं?

गळक्या नळाचंही तसंच. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे सुविचाराच्या फळ्यावर वर्षातून चार वेळा येतं, पण साचतं किती हे कुणी मोजत नाही. शाळेच्या आवारातला गळका नळ सेकंदाला एक थेंब टाकतो, असं समजा. दिवसात ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर, वर्षाला दीड हजार लिटरपेक्षा जास्त. वायसर गेलेला असतो, तेवढंच. तो काही रुपयांत मिळतो. पण त्यासाठी अर्ज शाळा व्यवस्थापन समितीपुढे जावा लागतो, तिथून ग्रामपंचायतीत, आणि दरम्यान कुणीतरी नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतो. शास्त्र शिकवायला ही सगळी साखळी जलचक्रापेक्षा काही कमी नाही. जलचक्र निदान फिरून मूळ जागी येतं.

मराठवाड्यातल्या मुलांना मोजायला २०१६ ने फार मोठं गणित दिलं. लातूरला इतकी टंचाई होती की मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं आणि एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे एका वाघिणीत पन्नास हजार. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास, गाडीचं नाव ‘जलदूत’, आणि स्टेशनवर बघायला ही गर्दी. मुलांना त्या दिवसांत आगगाडी बघायला मिळाली, पाणी बघायला मिळालं आणि मंत्रीही बघायला मिळाले.

आता हेच गणित शाळेच्या छपरावर मांडून बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. चौथीच्या मुलालाही जमणारा हिशेब आहे. दोन खोल्यांच्या शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटर धरा, पाऊस सहाशे मिलिमीटर धरा. साठ हजार लिटर झाले. गळती, सांडलवंड म्हणून पाचवा हिस्सा सोडला तरी अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे जलदूतची जवळजवळ एक अख्खी वाघीण दर वर्षी शाळेच्या डोक्यावर येऊन उतरते आणि पागोळ्यांवाटे मैदानात जाऊन चिखल करते. मिरजेहून आणावी लागत नाही, स्टेशनवर हारही घालावे लागत नाहीत. पन्हाळ लावायची, पाइप खाली आणायचा, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं (छपरावर वर्षभर कावळे आणि माकडं काय करतात हे मुलांना सांगावं लागत नाही), आणि पुढचं टाकीत घ्यायचं. अशी पन्हाळ जिथे लावलेली असते, तिथे जुलैत ती तुंबते. आत दोन चेंडू, एक चप्पल आणि पाटीपेन्सिलीचा डबा निघतो. दुरुस्तीही मुलंच करतात, कारण डबा कुणाचा हा प्रश्न ऐरणीवर असतो.

पाऊस मोजण्याची हौसही अशीच भागते. प्लास्टिकची बाटली कापायची, वरचा भाग उलटा करून फनेलसारखा बसवायचा, बुडाशी खडे आणि पाणी घालून पातळी सरळ करायची आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक. त्यात कधीमधी निरभ्र आकाशातूनही वीस मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद होते. संशय शेजारच्या शेळीवर असतो, पण मधल्या सुटीत तिसरीतली दोन पोरं जरा जास्तच हसत असतात. नोंद खोडायची, का खोडली ते लिहायचं. हवामानखात्यालाही याहून वेगळं काही करता येणार नाही.

असं मोजायची सवय लागली की मुलं कुठे जाऊन पोहोचतील, याचा मात्र भरवसा नसतो. समजा, मगात पाणी घेऊन दात घासल्याने एक मूल रोज दहा लिटर वाचवतं. वर्षाला ३,६५० लिटर. आता दुसरीकडे एक हेक्टर ऊस घ्या. पाटाने दिलेलं आणि पावसाचं मिळून त्याला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दोन कोटी लिटर. एका हेक्टर उसाइतकं पाणी वाचवायला त्या मुलाला किती वर्षं दात घासावे लागतील? भागाकार केला की उत्तर येतं ५,४७९ वर्षं. साठ मुलांची अख्खी शाळा कामाला लागली तरी एक्याण्णव वर्षं, आणि तेही शेवटपर्यंत सगळ्यांचे दात शाबूत राहिले तर. हे गणित वर्गात फार वेळ फळ्यावर ठेवत नाहीत. गुरुजींचा स्वतःचाही दोन एकर ऊस असतो. आणि ऊस लावणाऱ्याला तरी काय बोलणार? उसाला एफआरपीचा कायदेशीर भाव आहे, कारखाना उचल करतो. कांद्याला काय आहे? पण पाचवीच्या मुलाला मगाचं गणित शिकवायचं आणि पाटाचं गणित लपवायचं, हे काही बरोबर दिसत नाही. पोस्टर स्पर्धा इतक्या लोकप्रिय का, याचं एक उत्तर इथे आहे. रडणारी पृथ्वी कधी कुणाच्या उसाकडे बोट दाखवत नाही.

बोट दाखवायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था लावणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली आहेत, आणि त्यांचे नियम मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर पटतात. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. हा नियम वर्गात सांगितला तर मुलं त्यावर विशेष चर्चा करत नाहीत. खाऊ असाच वाटतात, त्यात सांगायचं काय, असा त्यांचा चेहरा होतो. हिवरे बाजारमध्ये तर दर वर्षी पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, उरलेल्यात कोणतं पीक बसतं. पिकांसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही. बेरीज-वजाबाकीपलीकडचं त्यात काही नाही. अवघड भाग वजाबाकीनंतर सुरू होतो. उत्तर आवडलं नाही तरी ते तसंच ठेवायचं, हे गणिताच्या पेपरात सोपं असतं, ग्रामसभेत नाही.

शाळेचा आणि पाण्याचा मेळ न बसण्याचं आणखी एक साधं कारण कॅलेंडरात आहे. जलसप्ताह मार्चमध्ये, परीक्षा एप्रिलमध्ये आणि सुटी मे महिन्यात. म्हणजे टंचाई खरी टोकाला पोहोचते तेव्हा शाळेला कुलूप. तो सगळा महिना मुलं प्रात्यक्षिकं करत असतात. टँकर गावात शिरायच्या आधी त्याचा हॉर्न कोणत्या वळणावर वाजतो, तो दहा हजारांचा आहे की बाराचा, टायर किती दबलेत त्यावरून भरून आलाय की वाटेत कुठे हलका झालाय, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. बऱ्याच गावांत टँकर विहिरीत ओततात. मग ते पाणी गढूळ होण्याआधी पोहऱ्याने शेंदून काढायचं, यात दहा वर्षांच्या मुलीचा हात तिच्या गुरुजींपेक्षा कितीतरी तयार असतो. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, वाटेत एक थेंब सांडत नाही. तिला गुण देणारं कुणी तिथे नसतं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. पहिल्या आठवड्यात निबंध असतो: ‘मी उन्हाळ्याची सुटी कशी घालवली’. मुद्दे फळ्यावर लिहून दिलेले असतात. मामाचं गाव, आमराई, नदीत पोहणे, आजीच्या गोष्टी. मुलं ते मुद्दे घेऊन वीस ओळी भरतात, आमराईत जातात, नदीतही पोहतात. एखाद्याच्या मामाच्या गावाला टँकर तीन दिवसांआड येत असतो आणि नदीच्या पात्रात क्रिकेट चाललेलं असतं. तो बराच वेळ पेन्सिल चावतो आणि शेवटी बाईंना विचारतो, ‘पोहणे’च्या जागी ‘फलंदाजी’ लिहिली तर गुण कापणार का?